फिटनेसच्या एकोत सापडलेली गाठ: पडद्यातली चरबी की ट्यूमर?

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या प्रकरणात रेडिओलॉजिस्ट म्हणून होतो, त्यामुळे लिहिताना झुकतं माप चित्रांच्या बाजूला आहे.

पार्श्वभूमी

68 वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा इतका की घरातल्या घरातही काठी लागायची. उंची दीड मीटर, वजन 84 किलो. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आणि जोडीला वीसेक वर्षांचा दमा. पंप नियमित चालू होता, पण पावसाळ्यात धाप वाढली की गावातले डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स द्यायचे आणि काकू तो बऱ्याचदा सांगितलेल्या मुदतीच्या पुढे चालू ठेवायच्या. वय, लठ्ठपणा आणि स्टेरॉइड या तिन्ही गोष्टी फाइलच्या पहिल्याच पानावर होत्या. निदानाचा अर्धा भाग तिथेच होता म्हटलं तरी चालेल.

उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्सरे आणि टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. एकोच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: ‘फिटनेस’. वजन जास्त, त्यात दम्यामुळे फुगलेली छाती, म्हणजे एकोच्या लहरी आत शिरायची खिडकी आधीच वाईट. डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून जेमतेम चित्र मिळालं. पंपिंग 60 टक्के, झडपा ठीक. पण दोन्ही अलिंदांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, मधल्या पडद्याला लागून एक जाड, पांढुरका गोळा दिसला. रिपोर्टमध्ये शेवटची ओळ अशी: ‘अलिंदांच्या पडद्याला चिकटलेली सुमारे 3 सेंटिमीटरची गाठ, मिक्झोमाची शक्यता, हृदय शल्यचिकित्सकांचा तातडीने सल्ला घ्यावा.’

अडचण

गुडघ्याचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी रद्द झालं. मुलाने एकोच्या क्लिपचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मोठ्या शहरातल्या ओळखीच्या हृदय शल्यचिकित्सकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं की मिक्झोमा असेल तर थांबण्यात अर्थ नाही, या आठवड्यातच घेऊन या.

हा सल्ला उतावळा होता असं मी म्हणणार नाही. मिक्झोमा हा मोठ्या माणसांत सापडणारा, हृदयातच सुरू होणाऱ्या ट्यूमरांपैकी नेहमीचा. कर्करोग नसला तरी स्वभावाने घातक. चारांतले तीन डाव्या अलिंदात असतात आणि बहुतेक वेळा पडद्यालाच देठाने लटकलेले असतात. त्यांचे तुकडे सुटून मेंदूकडे गेले तर पक्षाघात. मोठा असेल तर डाव्या अलिंदाखालच्या मायट्रल झडपेत अडकून रक्ताची वाट अडवतो. अशा रुग्णाला कमरेत सुई टोचून भूल दिली आणि रक्तदाब एकदम खाली आला, तर टेबलावरच गोत्यात यायची वेळ. त्यामुळे ‘असेल चरबी, घ्या गुडघ्याला’ असं कुणी म्हणणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या बाजूला, छाती उघडून, हृदय थांबवून, हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन करायची शस्त्रक्रिया ही 84 किलोच्या, दमा आणि मधुमेह असलेल्या बाईसाठी लहान गोष्ट नाही. आत गेल्यावर कळलं की ती नुसती चरबी होती, तर? वैद्यकीय नियतकालिकांत असे प्रसंग नोंदलेले आहेत.

मनात काय काय होतं

हृदयरोगतज्ज्ञांनी मला फोन केला तेव्हा आम्ही दोघांनी बोलता बोलता यादी केली. मिक्झोमा अर्थातच पहिला. दुसरी रक्ताची गुठळी. आपल्याकडे संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप आवळलेले रुग्ण अजूनही भरपूर, आणि त्यांच्या डाव्या अलिंदात गुठळी सापडणं नवीन नाही. पण इथे झडप मोकळी होती, ईसीजीत लय नियमित होती आणि गुठळीची आवडती जागा म्हणजे अलिंदाची कानासारखी पिशवी, मधला पडदा नव्हे. तिसरी शक्यता दुसरीकडच्या कर्करोगाची. हृदयात मुळातून उगवणाऱ्या ट्यूमरपेक्षा बाहेरून पसरून आलेले कितीतरी पट जास्त असतात, हे विसरून चालत नाही. चौथी खरा लायपोमा, म्हणजे आवरण असलेली चरबीची गाठ. पाचवी लायपोसार्कोमा, हृदयात अत्यंत दुर्मीळ, पण चरबीच्या वेषात येणारा कर्करोग.

आणि सहावी, जी मला फोनवरच सर्वांत जवळची वाटली: लिपोमॅटस हायपरट्रॉफी. 1964 साली प्रायर नावाच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनातून तिचं वर्णन केलं. नाव मोठं, वस्तू साधी. दोन अलिंदांच्या मध्ये चरबी साठून पडदा जाड होतो. 2 सेंटिमीटरच्या वर जाडी गेली की हे नाव देतात. वय, लठ्ठपणा आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड यांच्याशी तिचा संबंध सांगितला जातो.

इथे शरीररचनेचा एक बारकावा कामाला येतो. आपण ज्याला अलिंदांचा पडदा म्हणतो, त्याचा बराचसा भाग खरा पडदा नसतोच. दोन कप्प्यांच्या भिंती आत दुमडून एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्या दुमडीत हृदयाबाहेरचीच चरबी शिरलेली असते. खरा पातळ पडदा म्हणजे मधला फॉसा ओव्हॅलिस, गर्भातल्या भोकाची बुजलेली जागा. चरबी वाढते ती दुमडीत. फॉसामध्ये तिला शिरायला जागाच नाही. म्हणून वर फुगवटा, खाली फुगवटा आणि मध्ये पातळ कंबर असा डंबेलचा आकार तयार होतो. मिक्झोमाचं नेमकं उलटं: त्याचा देठ फॉसाच्या काठालाच उगवतो. म्हणजे गाठ किती मोठी आहे यापेक्षा फॉसा सुटलाय की नाही, हा प्रश्न जास्त मोलाचा. एकोच्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता. चित्र इतकं धूसर होतं की कदाचित लिहिता आलंही नसतं.

पर्याय

हृदयरोगतज्ज्ञांचा कल टीईईकडे होता, म्हणजे घशातून नळी घालून अन्ननलिकेतून केलेला एको. अन्ननलिका डाव्या अलिंदाला अगदी चिकटून जाते, त्यामुळे पडदा कमालीचा स्वच्छ दिसतो आणि डंबेलचा आकार तर फारच सुंदर. माझी अडचण दोन कारणांनी होती. एक, काकू रात्री जोरात घोरायच्या, दिवसा बसल्या जागी डुलक्या घ्यायच्या. अशा दमेकरी बाईला गुंगी देऊन घशात नळी घालणं जमतं, पण त्यात जोखीम आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं. एकोमध्ये चरबी पांढरी दिसते, पण पांढरं ते सगळं चरबी नसतं. एको आकार दाखवतो, हालचाल दाखवतो. पदार्थ कोणता, हे तो अंदाजाने सांगतो. सीटी ते आकड्यात सांगतो.

मुलाच्या मामेभावाने, जो औषध कंपनीत आहे, थेट पेट-सीटी करून घ्या म्हणून आग्रह धरला. ‘कॅन्सर असला तर चमकेल, नसला तर नाही, विषय संपला.’ ऐकायला पटणारं आहे, म्हणून याबद्दल थोडं जास्त लिहितो. पडद्यातल्या या चरबीत साध्या चरबीबरोबर तपकिरी चरबीही असते, जी तान्ह्या बाळांत अंग गरम ठेवायला असते. तपकिरी चरबी साखर खाते. पेटमध्ये साखरेचंच किरणोत्सारी रूप टोचतात, त्यामुळे पूर्ण निरुपद्रवी असलेली ही चरबी पेटवर झगझगीत उजळू शकते. दुसऱ्या कर्करोगासाठी पेट केलेल्या रुग्णांमध्ये हृदयातला हा उजेड पाहून ‘पसरलाय’ असं वाटल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आमच्या रुग्णात पेट उजळला असता तर भीती दुप्पट झाली असती, आणि उजळला नसता तरी मिक्झोमा बाद झाला नसता, कारण मिक्झोमा बऱ्याचदा फारसा उजळत नाही. दोन्ही उत्तरांनी पुढचं पाऊल बदलणार नसेल तर ती तपासणी कशाला?

बायोप्सीचा विषय निघाला आणि तिथेच संपला. मिक्झोमा असला तर त्याला टोचून तुकडे सोडणं म्हणजे ज्या गोष्टीला भितो तीच आपल्या हाताने करणं.

उरले सीटी आणि एमआरआय. कोणता आधी, यावर बोलणं चालू असताना मी सहज विचारलं: यांचा आधीचा छातीचा सीटी आहे का?

जुना एचआरसीटी

2021 च्या उन्हाळ्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न सोन्याच्या मोलाचा झाला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत कुणाचा ना कुणाचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारीक कापांचा सीटी, झाला. ‘स्कोअर किती?’ हे त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतं. मुलगा म्हणाला, ‘हो डॉक्टर, आईचा झाला होता, पंचवीसपैकी नऊ आला होता.’ फिल्म कपाटावरच्या पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती घेऊन आला.

फिल्मचा उपयोग शून्य. कारण सांगण्यासारखं आहे. एचआरसीटी फुप्फुसांसाठी काढलेला असतो, म्हणून सगळ्या प्रतिमा फुप्फुसाच्या विंडोमध्ये, म्हणजे फुप्फुसांसाठी ठरवलेल्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यात, छापतात. त्या विंडोमध्ये हवेचे बारीक फरक उठून दिसतात, पण हृदय, रक्त, स्नायू आणि चरबी सगळंच एकसारखं पांढरंफटक होतं. माहिती गेलेली नसते, फक्त छापलेली नसते. ती मूळ डिजिटल फाइलमध्ये असते. पिशवीतली सीडी उघडेना. मग ज्या सेंटरमध्ये तो सीटी झाला होता तिथे फोन केला. तिथल्या टेक्निशियनने जुन्या हार्डडिस्कवरून फाइल शोधून तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर दिली. मोबाइलवर फिल्मचा फोटो पाठवण्याने हे काम झालं नसतं.

फाइल वर्कस्टेशनवर उघडली, विंडो बदलली आणि पडदा समोर आला. वर जाड, मध्ये एकदम पातळ, खाली पुन्हा जाड. माउसने एक छोटं वर्तुळ काढून जाड भागावर ठेवलं. आकडा आला: उणे 96.

या आकड्याबद्दल दोन ओळी. सीटीतल्या प्रत्येक बिंदूची घनता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मापात मोजतात. पाणी म्हणजे 0, हवा उणे 1000. स्नायू आणि रक्त साधारण अधिक 40 ते 60 च्या घरात. चरबी मात्र पाण्याच्या खाली, उणे 50 ते उणे 150 च्या दरम्यान. मिक्झोमा, गुठळी, बाहेरून आलेला कर्करोग यांतलं कुणीही सगळीकडून उणे 96 दाखवत नाही. एका वर्तुळात यादीतली तीन नावं जवळपास बाद झाली.

जाडी तेव्हा 29 मिलिमीटर भरली. म्हणजे ही ‘तातडीची’ गोष्ट किमान तीन वर्षं तिथे होती आणि तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

नवा सीटी आणि एक अडणारा ठिपका

इथेच थांबता आलं असतं का? हृदयरोगतज्ज्ञ आणि मी यावर बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं असं: तो सीटी हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला नव्हता, धडधडीमुळे कडा पुसट आहेत, आणि तीन वर्षांत काय वाढलं ते माहीत नाही. शल्यचिकित्सकांना ‘नको’ म्हणायचं तर हातात आजचा पुरावा हवा. मला ते पटलं.

ईसीजीशी जुळवलेला सीटी केला. एरवी अशा सीटीआधी नाडी साठच्या आसपास आणायला मेटोप्रोलॉल देतात. दमा असल्याने ते टाळलं. कोरोनरी धमन्या पाहायच्या नव्हत्या, पडदा पाहायचा होता, म्हणून 78 च्या नाडीवरच काम भागवलं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.1 होतं, तरी कॉन्ट्रास्टची, म्हणजे रक्त उजळून दिसावं म्हणून शिरेतून टोचायच्या औषधाची, मात्रा बेताची ठेवली. आधी कॉन्ट्रास्टशिवाय पातळ काप, मग कॉन्ट्रास्टचे. हा क्रम मुद्दाम: आधीची आणि नंतरची घनता शेजारी शेजारी ठेवता यावी म्हणून.

जाडी 31 मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक, आणि जुन्या सीटीच्या पुसट कडा पाहता तो मोजण्यातलाच धरायला हवा. फॉसा साफ सुटलेला. तीन ठिकाणी मोजलं: उणे 98, उणे 104, उणे 91. कॉन्ट्रास्टनंतर आकडे जागचे हलले नाहीत. कुठे आवरण नाही, हृदयाभोवती पाणी नाही. वरच्या महाशिरेवर, म्हणजे डोक्या-हातांकडून उजव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरेवर, बाहेरून किंचित दाब दिसत होता, पण वाट मोकळी होती.

पण महाशिर अलिंदात उघडते त्याच्या अगदी जवळ, वरच्या फुगवट्यात सहा-सात मिलिमीटरचा एक ठिपका होता, आसपासच्या चरबीपेक्षा करडा. कॉन्ट्रास्टआधी उणे 20, कॉन्ट्रास्टनंतर अधिक 35. म्हणजे तो ‘उजळला’.

चरबीच्या गाठीत चरबी नसलेला, उजळणारा तुकडा म्हटलं की लायपोसार्कोमाचं नाव मनात येतंच. जाड पडदे, गाठाळ घट्ट भाग, शेजारच्या भिंतीत घुसखोरी ही त्याची लक्षणं. समोरच्या ठिपक्यासाठी तितकीच सरळ दोन स्पष्टीकरणंही होती. एक, हातातून दिलेला कॉन्ट्रास्ट पहिल्यांदा वरच्या महाशिरेतून दाट होऊन उतरतो, आणि इतक्या दाट पदार्थाशेजारचे आकडे किरणांच्या गडबडीमुळे खोटे चढतात किंवा उतरतात. शिवाय उजव्या अलिंदात खालून बिनकॉन्ट्रास्टचं रक्त येऊन मिसळत असतं, त्या मिसळीतही नसलेल्या गाठी दिसतात. दोन, लिपोमॅटस हायपरट्रॉफीत चरबीच्या मध्ये हृदयाच्या स्नायूचे धागे अडकलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हीच तिची ओळख. स्नायू आहे म्हटल्यावर तो कॉन्ट्रास्ट घेणारच.

मी रिपोर्टमध्ये ‘चरबी, निरुपद्रवी’ लिहून ठिपका तळटीपेत टाकू शकलो असतो. आकार, जागा, वय, तीन वर्षांची स्थिरता सगळं एका बाजूला होतं. पण शल्यचिकित्सकांचं लक्ष नेमकं त्या ठिपक्यावर जाणार होतं, आणि ‘बहुतेक’ या शब्दावर कुणी ऑपरेशन मागे घेत नाही. एमआरआय सांगितला. त्यासाठी कुटुंबाला पुन्हा खर्चात घातलं हेही खरं, आणि तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

एमआरआय

मशीनमध्ये जायला काकू तयार नव्हत्या. ‘त्या बोगद्यात मला धाप लागेल,’ एवढंच म्हणत राहिल्या. टेक्निशियन मुलीने त्यांना आधी रिकाम्या टेबलावर झोपवून आत-बाहेर केलं, हातात घंटी दिली, सूनबाईंना खोलीत पायाशी उभं राहू दिलं. मध्ये मध्ये पडणाऱ्या जास्तीच्या ठोक्यांमुळे काही सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमांचे संच, दोनदा घ्यावे लागले. श्वास रोखायची मुदतही कमी ठेवावी लागली.

एमआरआयमध्ये चरबी ओळखायची पद्धत सीटीपेक्षा वेगळी. टी-1 या प्रकारच्या प्रतिमेत चरबी चमकते. पण जुनं रक्त चमकतं, मेलॅनोमा पसरलेला असला तर तोही चमकू शकतो. म्हणून नुसती चमक पुरत नाही. तोच काप, त्याच जागेवर, चरबीचा सिग्नल दाबून पुन्हा घेतात. जे काळं पडलं ती चरबी, जे चमकत राहिलं ते दुसरं काही. आमच्या प्रतिमेत पडद्याचे दोन्ही फुगवटे त्वचेखालच्या चरबीबरोबर एकदमच काळे झाले. सिने, म्हणजे हलत्या, प्रतिमांत कडेने बारीक काळी रेघ होती, चरबी आणि पाणी शेजारी आले की उमटते ती. शाईने गिरवल्यासारखी, म्हणून तिला इंडिया इंक म्हणतात.

ठिपका? चरबी दाबलेल्या प्रतिमेत त्याच्या जागी गाठ नव्हती. दोन-तीन पातळ धागे होते, शेजारच्या अलिंदाच्या भिंतीशी जोडलेले, सिग्नल तिच्याच स्नायूइतका. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचा कॉन्ट्रास्ट, जाताना ते भिंतीबरोबर उजळले आणि भिंतीबरोबरच विझले. अडकलेला स्नायू. सीटीतला त्याचा जाडपणा दाट कॉन्ट्रास्टच्या शेजारामुळे फुगलेला होता.

नव्याने हृदयाचे एमआरआय वाचायला लागलेल्यांसाठी इथे दोन खड्डे आहेत. गॅडोलिनियमनंतर दहा मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमांत चरबी आपोआपच पांढरी दिसते, कारण तिचा टी-1, म्हणजे चुंबकातला सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, आखूड असतो. ती ‘उजळली’ असं लिहून टाकलं की ट्यूमर झालाच. त्या प्रतिमा चरबी दाबूनही घ्यायच्या. आणि गॅडोलिनियम दिल्यानंतर चरबी दाबायला स्टर सिक्वेन्स वापरायचा नाही. स्टर चरबी ओळखत नाही, आखूड टी-1 ओळखतो. गॅडोलिनियम घेतलेला खरा ट्यूमरही तो दाबून टाकू शकतो, आणि मग काळं पडलं म्हणून आपण त्याला चरबी समजतो.

काय ठरलं, पुढे काय झालं

शल्यचिकित्सकांशी हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः बोलणं केलं. या वेळी व्हॉट्सॲपचा व्हिडिओ नव्हे, दोन्ही सीटी आणि एमआरआयच्या मूळ फाइली पाठवल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि ऑपरेशनची गरज नाही असं लेखी कळवलं. लिपोमॅटस हायपरट्रॉफी काढतात ती क्वचित, महाशिर खरंच दाबली गेली किंवा रक्ताची वाट अडली तरच. काकूंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

एक धागा मात्र सोडून चालणार नव्हता. या चरबीचा अलिंदातल्या अनियमित ठोक्यांशी संबंध सांगितला जातो, आणि एमआरआयच्या वेळी जास्तीचे ठोके दिसले होते. 24 तास ईसीजी टिपणारा होल्टर लावला. अलिंदातले सुटे ठोके भरपूर, सलग ठोक्यांच्या एक-दोन छोट्या लडी, पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांची बेताल थरथर, नाही. औषध सुरू केलं नाही. नाडी अनियमित वाटली, धडधड वाढली तर लगेच ईसीजी काढायचा, एवढं सुनेला समजावून सांगितलं. घोरण्यासाठी झोपेची तपासणी सांगितली, ती त्यांनी केली नाही.

कुटुंबाशी बोलणं मी आणि हृदयरोगतज्ज्ञांनी एकत्र केलं. मॉनिटरवर काकूंना त्यांच्याच पोटावरची चरबी आणि पडद्यातली चरबी शेजारी शेजारी दाखवली, दोन्ही एकाच रंगाच्या. ‘म्हणजे हृदयालाही पोट सुटलंय माझ्या,’ त्या म्हणाल्या. मुलगा पटकन हसला नाही. त्याला वाढेल का, कॅन्सरमध्ये बदलेल का, हे दोनदा विचारायचं होतं. बदलत नाही, हे उत्तर दोनदा दिलं.

दीड महिन्याने गुडघ्याचं ऑपरेशन कमरेतून भूल देऊन झालं आणि ठीक झालं. वर्षभराने केलेल्या एकोत पडदा तसाच. त्यानंतर त्यासाठी वेगळा एमआरआय करायचा नाही असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी एकोची चिठ्ठी. ‘फिटनेस’ एवढ्या शब्दाने एको करणाऱ्याला दमा, स्टेरॉइड, वजन यांतलं काहीच कळत नाही. आणि रिपोर्टमध्ये निदानाचं नाव घालण्याआधी वर्णन हवं होतं: कुठे, केवढं, हलतं का, देठ आहे का, फॉसा दिसतो का. ‘फॉसा नीट दिसला नाही’ हेही पूर्ण वाक्य आहे आणि ते ‘मिक्झोमाची शक्यता’पेक्षा जास्त उपयोगी पडलं असतं. तातडीचा सल्ला लिहिताना ‘आधी सीटी किंवा एमआरआय’ एवढं जोडलं असतं तर कुटुंबाचे ते दोन-तीन दिवस वेगळे गेले असते.

जुन्या सीटीचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा, पर्यायांची चर्चा झाल्यावर नव्हे. तो विचारायला पैसे लागत नाहीत. इथे तो आधी विचारला असता तरी पुढचे दोन्ही स्कॅन कदाचित झालेच असते, पण ‘या आठवड्यातच घेऊन या’ची धार तेव्हाच बोथट झाली असती.

सीटी टाळून थेट एमआरआय केला असता तर? हृदयरोगतज्ज्ञांना आता असंच वाटतं. जुन्या एचआरसीटीत उणे 96 मिळालंच होतं. नव्या सीटीने त्यात जाडी आणि स्थिरता यांची भर घातली, आणि एक ठिपका, ज्याच्यासाठी पुन्हा एमआरआय लागला. एमआरआयने जाडीही मोजता आली असती. माझं मत थोडं वेगळं आहे. काकू मशीनमध्ये टिकतील याची खात्री नव्हती, आणि अर्धवट सुटलेला एमआरआय हा सगळ्यात वाईट पुरावा. जिथे हृदयाचा एमआरआय वाचणारं कुणी शंभर किलोमीटरच्या आत नाही, तिथे तर कॉन्ट्रास्टशिवायचा पातळ कापांचा सीटी हीच पहिली पायरी ठेवावी. बऱ्याच रुग्णांत तेवढ्यावरच काम संपतं. ठिपका निघाला तरच पुढे.

टीईई टाळल्याबद्दल दुमत नाही. पण रुग्ण सडपातळ असता, दमा नसता आणि गाठ हलताना दिसली असती तर टीईईच पहिला केला असता, कारण हलणारी, देठावरची वस्तू पाहायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ मोठ्या अक्षरात घातली. पुढेमागे पडदा छेदून डाव्या अलिंदात जायची वेळ आली, मग ती लयदोषासाठी असो की झडपेसाठी, तर जाड भागातून सुई घालणं अवघड आणि धोक्याचं, छेद फॉसातूनच आणि टीईईच्या नजरेखाली घ्यावा. त्या ओळीखाली सीटीतला पडद्याचा एक काप छापून चिकटवला आहे, मापांसकट. मूळ फाइली दोन पेनड्राइव्हवर दिल्या, एक मुलाकडे आणि एक गावातल्या डॉक्टरांकडे.